पाण्याचा निरोप: सीमाभागातल्या पुराच्या खुणा लिहून ठेवूया

वेदगंगाकाठ | २६ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

रोहिणी निघाली. आमच्याकडं शिवारात नांगरट होऊन पडलीय, सोयाबीनचं बी घरात आलंय, आणि आज सकाळी आईनं माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. पेटीत शेताचा उतारा, रेशनकार्ड, सोसायटीचं पासबुक, माझी दहावीची गुणपत्रिका. एकेक कागद खताच्या पोत्यातल्या आतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, सुतळीनं बांधायचा आणि पुन्हा पेटीत ठेवायचा. २०१९ पासून दर मे महिन्यात हे काम ठरलेलं आहे. कुणी सांगावं लागत नाही, आणि करताना कुणी बोलतही नाही.

धागा काढायचं कारण आमच्या दाराच्या चौकटीतला खिळा.

२००५ ला सोप्यात पाणी आलं तेव्हा जिथवर चढलं तिथं आजोबांनी खिळा ठोकला. जमिनीपासून मांडीइतक्या उंचीवर. पुढं चौदा वर्षं आमच्या घराचं सगळं गणित त्या खिळ्यावर चाललं. धान्याची कणगी खिळ्याच्या वर, मोटारीचा स्टार्टर खिळ्याच्या वर, गोठ्यातली गव्हाण खिळ्याच्या अंदाजानं बांधलेली. 'खिळ्याच्या वर पाणी येत नाही' हे ऐकतच आम्ही पोरं मोठी झालो.

२०१९ चा ऑगस्ट, आसळकाचा म्हणजे आश्लेषा नक्षत्राचा पाऊस. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या मुरगूडच्या मामाचा संध्याकाळी फोन आला, "पाणी लई वाढायलंय, जनावरं हलवा." वडलांनी खिळ्याकडं बघितलं आणि सकाळी बघू म्हणाले. पहाटे तीनला म्हशी ओरडायला लागल्या. पाणी खिळ्याच्या वर वीतभर गेलेलं आणि दावी पाण्याखाली. वडील विळा घेऊन बुडी मारत गेले, दोन दावी कापली. तिसरी म्हैस गाभण होती, झटापटीत दावं तिच्या गळ्याला आवळलं होतं. ती गेली.

उजाडल्यावर आजीला गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून माळावर नेलं. दोन पोरं पोहत काहील ढकलत होती. आजी दोन्ही हातांनी काठ धरून बसली होती, वरून पाऊस. माळावर पोचलो तरी तिची बोटं उघडेनात. आईनं एकेक बोट धरून सोडवलं.

यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावर वेदगंगा आली आणि रस्ता बंद झाला, ही बातमी सगळीकडं गेली. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तेच. त्या वेळी आसळका नव्हे, म्हाताऱ्या पावसातच, म्हणजे पुष्य नक्षत्रात.

जुनी खूण आता भरवशाची राहिली नाही. वडलांची चूक म्हणून मी हे सांगत नाही, त्यांनी आयुष्यभर खरी ठरलेली खूण मानली. पण आभाळच बदललं असेल तर खुणाही नव्या हव्यात, आणि एका घराच्या नकोत, सगळ्या काठाच्या हव्यात. म्हणून विनंती: तुमच्या गावात पाणी कुठवर आलं, कोणत्या वर्षी, कोणत्या नक्षत्रात, वरून निरोप कुणी दिला आणि निरोपानंतर किती वेळानं पाणी पोचलं, ते इथं लिहा. आमचं पाणी पाटगाव-गारगोटीकडून येतं. पाऊस तिकडं, धरण महाराष्ट्रात, काठ कर्नाटकात. दोन सरकारांच्या मधोमध आम्हाला वेळेवर निरोप देतो तो मामाच.

घाटमाथा | २६ मे, रात्री १०:५५

वाचून गप्प बसले थोडा वेळ. आजीला नमस्कार सांगा.

मी खानापूरच्या पश्चिमेकडची, कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यातली. मलप्रभा आमच्याकडंच उगम पावते, त्यामुळे आम्हाला निरोप द्यायला वर कुणी नाही. आम्हीच खालच्यांना निरोप देणारे. पाऊस आम्हाला नवा नाही. चार महिने शेकोटीवर कपडे वाळवायचे, घराला पावसाच्या अंगानं झड्या बांधायच्या, आगोटीची बेगमी मे अखेरीला आत घ्यायची, हे आजीच्याही आजीपासून.

पण पूर्वीचा पाऊस एकसारखा लागून राहायचा. आठ-आठ दिवस झड, संथ, जमिनीत मुरणारी. आता पंधरा दिवस कडक ऊन पडतं, रोपं पिवळी पडतात, आणि मग तीन दिवसांत सगळं ओततं. मुरायला वेळच नाही. डोंगराचं पाणी लाल होऊन सरळ ओढ्यात, ओढ्यातून मलप्रभेत. हब्बनहट्टीचा मारुती पाण्यात गेला की आमची माणसं समजतात की आता पलीकडं जायचं नाही. पण तो आता दुपारी दिसतो आणि संध्याकाळी नसतो. मध्ये विचार करायला सवड मिळत नाही.

माझ्या चुलतीला अशाच पावसात ताप चढला. साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेलेला. बांबूला घोंगडं बांधून डोली केली आणि चौघांनी जंगलातून मोटार रस्त्यापर्यंत आणली. एकानं पुढं काठीनं पाणी चाचपायचं, मागच्यांनी तिथंच पाय ठेवायचा. चुलती सगळ्या वाटेत एकच म्हणत होती, "पोरांनो, मला खाली ठेवा, तुम्ही पडाल." ती वाचली. दरवर्षी सगळ्या डोल्या वेळेत पोचत नाहीत. आणि अशी माणसं पुरात बुडून मेली असं कुठंच लिहिलं जात नाही. ती 'आजारानं' गेली असं लिहितात.

तुमच्या यादीत एवढी एक ओळ घाला: रस्ता किती दिवस तुटला होता.

ऊसवाला_दूधगंगा | २७ मे, सकाळी ७:१०

दोघांचंही दुःख खरं आहे, माझंही तेच आहे, तरी थोडं वेगळं बोलतो. सदलग्याच्या बाजूला माझी जमीन, दूधगंगेच्या काठाला.

पूर पूर्वीही यायचे. आजोबा सांगायचे, गाळ यायचा आणि पुढच्या साली पीक जोमानं यायचं, लोक पुराला ओटी भरायचे. आता सगळं 'हवामान बदललं' म्हणून आभाळावर ढकललं की खाली केलेली पापं झाकली जातात. नदीच्या पात्रापर्यंत ऊस कुणी लावला? आपणच. ओढे बुजवून प्लॉट कुणी पाडले? रस्त्याचे भराव घालून पुराचं पाणी कुणी अडवलं? महामार्ग रुंद करताना भराव नको, खांबांवरचा पूल द्या, हे काठच्या गावांनी ओरडून सांगितलं, ते उगीच नव्हे. पाण्याला पसरायला जागा होती ती आपण खाल्ली, मग ते घरात येणारच.

आणि पूर ओसरल्यावरचं नुकसानही लिहून ठेवा. ऊस चार दिवस पाण्यात उभा राहिला तर तगतो. शेंडा बुडाला आणि शेंड्यातल्या पानांच्या सुरळीमध्ये गाळ गेला की संपला. वरून हिरवा दिसतो, पंचनाम्याला येणाऱ्याला वाटतं पीक उभं आहे. सुरळी उपसली तर हातात कुजकी येते, घाण वास मारते. मग कांडीवरचे डोळे फुटतात, पांगशा येतात, वजन नाही, साखरेचा उतारा नाही. २०१९ ला माझा तीन एकर असा गेला. कारखान्यानं शेवटी तोडला, पण त्या पैशात सोसायटीचं व्याजही भागलं नाही.

निवृत्त_मास्तर | २७ मे, दुपारी ३:२५

ऊसवाले, तुमचं खरं आहे आणि वेदगंगाकाठ यांचंही खरं आहे. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हवा म्हणजे पाणी वाहून नेणारी पिशवी समजा. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. पृथ्वी तापते आहे, २०२४ हे वर्ष औद्योगिक काळाच्या आधीच्या सरासरीपेक्षा साधारण दीड अंशाने जास्त उष्ण गेलं. आपल्या पावसाची विहीर म्हणजे अरबी समुद्र, आणि तोही झपाट्याने तापतो आहे. म्हणजे पिशवी मोठी झाली आहे. मोठी पिशवी भरायला वेळ लागतो, म्हणून मधल्या उघडिपी लांबतात. भरली आणि सह्याद्रीला धडकली की एकदम रिती होते. घाटमाथा यांनी पंधरा दिवस ऊन आणि तीन दिवस ओतणं असं लिहिलं आहे, ते याला धरूनच आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली हे आकड्यांत मांडलं. १९५० ते २०१५ या काळात देशाच्या मध्य पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणारी अतिवृष्टी जवळपास तिपटीने वाढली. आणि याच काळात त्या पट्ट्यातला एकूण पाऊस वाढलेला नाही, उलट घटला. पाऊस तेवढाच किंवा कमी, पण थोड्या दिवसांत कोंबलेला.

कृष्णा जिथे उगम पावते त्या महाबळेश्वरला २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडच्या पूर्वेच्या तालुक्यांत, अथणी-रामदुर्गाकडे, अख्ख्या वर्षाला जवळपास एवढाच पडतो. वर्षाचा पाऊस एका दिवसात. त्यापुढे आजोबांचा खिळा काय करणार?

आता ऊसवाल्यांचा मुद्दा. पात्र मोकळं असतं, ओढे जिवंत असते, भरावाला मोऱ्या पुरेशा असत्या, तर हेच पाणी लवकर पसरून लवकर उतरलं असतं. म्हणजे वरून बाष्प वाढलं आणि खालून वाट अडली. एका कारणानं दुसरं धुऊन जात नाही. उलट खालची वाट मोकळी करणं आपल्या हातात आहे, म्हणून तिथे जास्त कडक बोललं पाहिजे.

कृष्णाकाठची | २७ मे, रात्री ८:३०

यडूर-कल्लोळच्या बाजूनं लिहिते. दूधगंगा आमच्याजवळच कृष्णेला मिळते, त्यामुळे ऊसवाल्यांचं पाणी आणि सांगली-शिरोळचं पाणी दोन्ही आमच्या दारात. इथं बायासुद्धा क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी त्या हिशेबात, बोलतात. कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती आणि दूधगंगेतून किती, ही बेरीज सकाळी चुलीपाशी होते. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे पुराचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की माझे सासरे काही न बोलता बैलगाडीला वंगण घालायचे. भाविकांना ते पर्वणी, आम्हाला तयारीचा इशारा.

२०१९ ला आम्ही अकरा दिवस घराबाहेर होतो. त्यातला एक प्रश्न मला अजून टोचतो, तो आलमट्टीचा, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणाचा. धरणाची पाणीपातळी आज ५१९.६० मीटर. २०१० मध्ये कृष्णेच्या पाणीवाटपाच्या ब्रिजेशकुमार लवादानं ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याला मान्यता दिली. माझं माहेर शिरोळ तालुक्यात. माहेरची माणसं म्हणतात आलमट्टीनं आम्हाला बुडवलं, उंची वाढवू देणार नाही. इकडं कर्नाटक सरकार म्हणतं उत्तर कर्नाटकाच्या कोरडवाहू जमिनीला पाणी पाहिजे, उंची वाढलीच पाहिजे. महाराष्ट्र सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये सांगितलं की २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुराला आलमट्टीचा फुगवटा कारण नव्हता, पाऊसच तेवढा झाला आणि पात्रं आवळलेली होती. तो अहवालही तिकडं सगळ्यांना पटला नाही.

मी माहेरी गेले की कर्नाटकाची, सासरी महाराष्ट्राची. पण त्या अकरा दिवसांत भावाचं घर आणि माझं घर एकाच पाण्यात होतं. दोन्ही घरांत भिंतीवर सारखी रेघ आहे, तपकिरी, बोटभर जाड. तीनदा रंग दिला, दर पावसाळ्यात ओल धरली की तीच रेघ परत वर येते.

मला एवढंच पाहिजे: वरच्या धरणांतून, म्हणजे कोयनेतून, वारणेतून, काळम्मावाडीतून किती सोडलं आणि आलमट्टीतून खाली किती सोडलं, हे चारही आकडे दर तासाला एका जागी दिसावेत, मराठी आणि कन्नड दोन्हींत. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असा नियमच आहे. माझ्या सासूबाईंना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. रात्री दोनला आलेला इशारा त्यांना वाचता आला पाहिजे.

शहापूर_शिवार | २८ मे, सकाळी ६:५०

तुमच्यासारखी मोठी नदी आमच्याकडं नाही. आमचं दुखणं बळ्ळारी नाला. बेळगावात वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूर ही शिवारं ज्यांना माहीत आहेत त्यांना बासमती माहीत आहे. घरी शिजायला ठेवला की शेजारच्याला कळतं, असा तो वास. आमची धूळवाफ पेरणी असते. मृगाच्या आधी कोरड्या मातीत भात पेरायचं, पहिल्या पावसावर उगवून येतं. हे सगळं तंत्र पाऊस हळूहळू येतो या विश्वासावर उभं आहे.

आता पहिलाच पाऊस असा येतो की नाला फुगतो, त्यात शहराचं सांडपाणी, जलपर्णी, प्लास्टिक, आणि सगळं आमच्या कोवळ्या भातावर. आठ-आठ दिवस शिवाराचं तळं. पाणी उतरल्यावर मी चिखलात हात घातला तर बी बोटात पिठासारखं विरघळलं. दुबार पेरणी करावी तर बी कुठून आणायचं? बासमतीचं घरचं बी मागल्या पिढीपासून राखलेलं, दुकानातलं त्याच्या जवळ जात नाही. अनेकांनी अशा साली बासमती सोडून दिला आणि पुन्हा धरला नाही. पुराच्या नुकसानीत एका वाणाचं नुकसान कुणी मांडत नाही. वरून हलगा-मच्छे बायपास याच शिवारातून. त्याविरुद्ध आमची माणसं कोर्टात गेली, रस्त्यावर झोपली. त्यांचं पहिलं म्हणणं हेच होतं की भराव पडला की पाणी कुठं जाणार?

आणि मास्तर, मधल्या उघडिपीचं तुमचं म्हणणं आम्ही २०२३ ला भोगलं. जून संपत आला तरी पाऊस नाही. बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप तलावाची पूर्ण पातळी २४७५ फूट, त्या वर्षी तलावाचा तळ उघडा पडला, शहरात नळाला पाणी येईना. ज्या गल्लीत २०१९ ला कमरेइतकं पाणी होतं, त्याच गल्लीत बायका घागरी घेऊन टँकरसाठी रात्रभर बसल्या. चार वर्षांत दोन्ही बघितलं. माझी आई म्हणाली, "पाणी वैरी झालंय की काय, असलं तरी मारूलालंय, नसलं तरी मारूलालंय."

बोरगावची_लेक | २८ मे, रात्री ११:०५

पहिल्यांदाच लिहितेय, वाचते रोज.

गंजी केंद्राबद्दल, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीबद्दल, कुणी लिहिलं नाही म्हणून. आम्हाला शाळेत ठेवलं होतं, एका वर्गात नऊ कुटुंबं. जेवण मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही, आजूबाजूच्या गावांनी भाकरीच्या चळती आणि खर्डा पाठवला, बेळगावच्या लष्कराच्या मराठा सेंटरच्या जवानांनी लोकांना पाण्यातून काढलं, ते उपकार विसरायचे नाहीत. पण दोनशे माणसांना दोन संडास. बायका संध्याकाळनंतर पाणी प्यायच्या थांबल्या. मी तेव्हा बारावीत होते आणि पाळी आली होती. कापड नव्हतं, मागायचं कुणाकडं कळत नव्हतं. एका अनोळखी बाईनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून दिला. तिचं नाव विचारायचं राहिलं.

माझ्याबरोबरच्या दोन मुलींची त्याच साली लग्नं लावली. घर पडलं, दागिना पुरात गेला, बाप म्हणाला एक ओझं तरी उतरू दे. त्या मुलींची शाळा पुरातच वाहून गेली असं मी म्हणते.

ही पण नोंद करा.

वेदगंगाकाठ | २९ मे, रात्री ९:१५

ताई, केली. पहिल्या पानावर केली.

काल दिवसभर कामावर असताना तुमचं लिखाण डोक्यात होतं. घरी येऊन आईला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली आणि कपाटातून कोऱ्या कापडाचा तागा काढून पेटीशेजारी ठेवला. म्हणाली, यंदा माळावर गेलो तर हे बरोबर न्यायचं, आपल्यासाठी नव्हे.

भरपाईबद्दल व्यक्तिगत निरोपातून तिघांनी विचारलं, इथंच लिहितो. २०१९ ला कर्नाटक सरकारनं तातडीची मदत म्हणून कुटुंबामागं १० हजार दिले आणि पडक्या घरांचे अ, ब, क असे गट केले. पूर्ण पडलेल्याला ५ लाख, थोडं पडलेल्याला ५० हजार. इतर राज्यांशी तुलना केली तर रक्कम चांगली होती, मान्य करायला हवं. अडचण गट ठरवण्यात. मातीच्या भिंती पाण्यात असताना पडत नाहीत. पाणी उतरून ऊन पडलं, भिंत वाळायला लागली, की आठ-दहा दिवसांनी बसते. आमच्या शेजारच्या आजोबांचं घर पाहणीला आले तेव्हा उभं होतं, क गट लागला. बाराव्या दिवशी मागची भिंत कोसळली. ते पुन्हा कचेरीत गेले. अर्ज कन्नडमध्ये, पोचपावती कन्नडमध्ये, 'फेरपाहणी' हा शब्दही त्यांना कुणी समजावून सांगितला नाही. सात खेपा घातल्या. आठव्या खेपेला गेले नाहीत, पत्रा टाकून राहिले आणि त्या पत्र्याखालीच गेल्या हिवाळ्यात वारले.

म्हणून एक सूचना: पाहणी झाली तरी भिंतींचे फोटो रोज काढा, त्याच कोपऱ्यातून, त्याच वेळेला, तारीख दिसेल असे. आणि अर्ज भरायला कन्नड लिहिता येणारी गावातली दोन पोरं-पोरी आत्ताच ठरवून ठेवा. आमच्या गावात दोघं तयार झाली आहेत. एक तर कन्नड शाळेत शिकलेली लिंगायत घरची मुलगी, ती म्हणाली मराठी मंडळींचे सगळे अर्ज मी लिहिते, फक्त पूर यायच्या आधी माहिती द्या.

ऊसवाला_दूधगंगा | ३० मे, सकाळी ७:०५

मास्तरांचं पटलं. माझ्या हातात जे आहे ते करतो. काठाची सहा सरी ऊस यंदा तुटला की तिथं पुन्हा लावणार नाही. बांबू आणि वाळा लावायचं ठरवलंय. मुलगा नाराज आहे, सहा सरीचं उत्पन्न गेलं म्हणतो, आणि त्याचं चूक नाही. शेजाऱ्यांशी बोलतोय. एकट्याच्या सहा सरीनं नदीला काय जागा मिळणार, पण कुणीतरी आधी मागं सरकलं पाहिजे.

नोंद: २००५ ला पाणी विहिरीच्या काठाला. २०१९ ला विहिरीवरच्या मोटारघराच्या पत्र्याला. २०२१ ला खिडकीच्या वर. २०२४ च्या जुलै अखेरीला विहीर बुडाली, खिडकीच्या खाली थांबलं. निरोप कागलच्या साडूचा, संध्याकाळी. पाणी वाढलं दुसऱ्या दिवशी दुपारी.

घाटमाथा | ३० मे, दुपारी १:४०

आमच्याकडं रेंज नसते. पावसात वीज गेली की टॉवर दोन तासांत बंद. त्यामुळे असं ठरवलंय: जांबोटीतल्या दुकानात एक वही ठेवली आहे. वरच्या गावातून दूध घालायला येणारा सकाळी वहीत पावसाची नोंद करणार, डब्यात किती बोटं पाणी साठलं ते. दुकानदार फोटो काढून इथं टाकेल. चार बोटांच्या वर गेलं की लाल शाईनं.

पश्चिम घाटावर २०११ ला गाडगीळ समितीचा आणि २०१३ ला कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला, आमची गावं पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील क्षेत्रात धरली. त्यावर आमच्यात दोन तट आहेत. रस्ता, पूल मागितला की जंगल आडवं येतं, आणि जंगल तुटलं की डोंगर खाली येतो. मला दोन्ही पाहिजे, जंगलही आणि चुलतीला नेता येईल असा साकवही. त्यात काही वावगं मागतेय असं वाटत नाही.

कृष्णाकाठची | ३१ मे, रात्री ९:५०

भावाशी बोलले. शिरोळकडच्या सहा गावांतली माणसं या साखळीत येतील. दर तीन तासांनी पुलाखालच्या दगडाची एक ओळ लिहायची: दगड दिसतोय, दगड ओला, दगड गेला. आकडा नाही कळला तरी चालेल, दगड सगळ्यांना कळतो.

वेदगंगाकाठ | ८ जून, सकाळी ८:२०

मृग लागला. काल गावातल्या पोरांनी मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर, शाळेच्या खांबावर आणि पिंपळाच्या पारावर तिन्ही वर्षांच्या रेघा ऑइलपेंटनं मारल्या. २००५ निळी, २०२१ पिवळी, २०१९ लाल. लाल रेघ कुठं मारायची यावर तासभर वाद झाला. शेवटी वडलांना बोलावलं. ते खिळा उपटून खिशात घालून आले होते. भिंतीला हात लावून उभे राहिले, आपल्या छातीशी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितं." मग शिडी घेऊन त्याच्या वर अजून हातभर एक रेघ मारायला लावली, पांढरी, वर्ष न लिहिता.

मुरगूडचा_मामा | २२ जुलै, सायंकाळी ६:१२

पुलाला पाणी लागायला आलंय. वर गारगोटीकडं सकाळपासून उघडीप नाही. तासाला वीतभर वाढायलंय. काठच्यांनी रात्रीची वाट बघू नका.

घाटमाथा | २२ जुलै, सायंकाळी ६:३०

वहीचा फोटो जोडला आहे. सहा बोटं, लाल शाई. मलप्रभाकाठच्या खालच्या गावांनी बघा.

वेदगंगाकाठ | २२ जुलै, सायंकाळी ६:३४

निरोप मिळाला मामा. वडलांनी दावी सोडली, म्हशी माळाच्या वाटेला लागल्या. आजी ट्रॅक्टरात बसली, पेटी आणि कापडाचा तागा तिच्या मांडीवर. यमगर्णीवाल्यांनी कुणी वाचलं असेल तर हात वर करा, पुढं कळवायचं राहिलंय.